शंभरातल्या चार जागा

प्रत्येक सरकारी कचेरीत आस्थापना शाखेच्या कपाटात बिंदुनामावली नावाची एक नोंदवही असते. कोणत्या संवर्गात किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत, कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची आहे आणि ती रिकामी असेल तर का, हे सगळं त्या वहीत लिहिलेलं असतं. आरक्षणावर चहाच्या टपरीपासून दूरदर्शनपर्यंत वाद घालणारे पुष्कळ भेटले, पण ही वही कधी डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला कचेरीबाहेर क्वचितच भेटला. मी ती बरीच वर्षं सांभाळली. १९९७ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि २०२३ मध्ये अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर आणि हातात कुबडी. माझी नेमणूक अपंगांच्या राखीव जागेवर झाली होती. म्हणजे ज्या रकान्यातून मी नोकरीत आले, तोच रकाना पुढे माझ्या हातात आला.

वहीचा शेवटचा रकाना असतो शेऱ्याचा. अपंगांच्या जागेसमोर त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य सापडतं: ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही.’ माझ्या आधीच्या तीन लिपिकांच्या तीन वेगवेगळ्या अक्षरांत मी ते वाचलं आहे. वाक्य धडधडीत खोटं असतंच असं नाही. पण ते खरं ठरवण्याची एक रीत असते, ती सांगते.

जाहिरात काढताना पदाची कर्तव्यं लिहावी लागतात. टेबलावर बसून करायच्या कामालाही ‘आवश्यकतेनुसार क्षेत्रीय दौरे’ असं एक शेपूट लावून द्यायचं. परीक्षेचं केंद्र अशा शाळेत घ्यायचं, जिथे वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहेत. कर्णबधिर उमेदवार तोंडी परीक्षेला आला तर सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवायचा नाही, नुसतं मोठ्याने बोलायचं. अंध मुलाला लेखनिक मिळेल की नाही हे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कळू द्यायचं नाही. एवढं केल्यावर उमेदवार कमी येतात, आलेले कमी टिकतात, आणि शेरा लिहिणाऱ्याला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. यात कुणी दुष्ट नसतो. मागच्या वेळची जाहिरात समोर ठेवून नवी टंकलिखित करणारा माणूस असतो, इतकंच.

आता कायदा. आपल्याकडे आरक्षण दोन तऱ्हांचं असतं. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांचं उभं आरक्षण. आणि महिला, माजी सैनिक, खेळाडू, अपंग यांचं आडवं, म्हणजे सरकारी भाषेत समांतर. अपंगांच्या जागेवर निवडलेला माणूस ज्या सामाजिक प्रवर्गाचा असेल, त्या प्रवर्गाच्या जागेत त्याची गणना होते. हे लोकांना पटवून देता देता माझा घसा कोरडा पडायचा. ‘आमची एक जागा अपंगाने खाल्ली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला वही उघडून दाखवावी लागे, की बाबा, कुणाचीही टक्केवारी वाढली किंवा घटली नाही.

केंद्र सरकारने खालच्या दोन गटांतल्या पदांसाठी तीन टक्के जागा १९७७ पासून ठेवल्या होत्या. पण त्या सरकारी आदेशाने, संसदेने केलेल्या कायद्याने नव्हे. कायदा झाला १९९५ साली आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं आणि तीन टक्के जागा होत्या: एक दृष्टीच्या, एक श्रवणाच्या आणि एक हातापायांच्या अपंगत्वासाठी. मला नोकरी मिळाली ती या कायद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत, असं म्हणायला हरकत नाही.

या तीन टक्क्यांचा हिशेब कसा करायचा यावर मात्र पुढे सतरा वर्षं झगडा चालला. कायद्यात म्हटलं होतं की अपंगांना जमतील अशी पदं सरकारने ‘सुनिश्चित’ करावीत. कचेऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की टक्केवारी फक्त त्या सुनिश्चित पदांवर काढायची. समजा एका संवर्गात दोनशे जागा आहेत आणि त्यांतल्या पन्नासच अपंगांसाठी सुनिश्चित आहेत. दोनशेचे तीन टक्के म्हणजे सहा माणसं. पन्नासचे तीन टक्के म्हणजे दीड. सहा माणसांचं दीड माणूस करणारं हे गणित देशभरच्या वह्यांत होतं, आणि ते करताना कुणाला कुठलाही कायदा मोडल्याची जाणीव नव्हती. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेच्या प्रकरणात ते थांबवलं. टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर काढायची, मग त्या गट अ मधल्या असोत की गट ड मधल्या, असा तो निकाल. त्यानंतरचे काही महिने आमच्या शाखेत जुन्या वह्या काढून अनुशेष मोजण्यात गेले. दिवे गेल्यावर मेणबत्तीवर मोजला आहे.

सध्याचा कायदा २०१६ चा. डिसेंबरात तो संसदेत मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. आम्लहल्ल्यातल्या पीडित व्यक्ती, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स हे सगळे यादीत आले. विदर्भातल्या आदिवासी भागात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. त्याला कायद्यात जागा मिळायला इतकी वर्षं लागली. सरकारी नोकरीतल्या जागा तीनाच्या चार टक्के झाल्या, उच्च शिक्षणात पाच टक्के. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. हा टक्का भरताना कचेऱ्यांची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. पायाने अधू कारकून त्यांनी पाहिलेला असतो. मनोविकाराची गोळी रोज घेऊन वेळेवर कामावर येणारा कारकून आपल्यात आधीपासूनच आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ या वाक्यालाही नव्या कायद्याने वेसण घातली आहे. कलम ३४ प्रमाणे जागा भरली नाही तर ती पुढच्या भरती वर्षात न्यायची. तेव्हाही उमेदवार मिळाला नाही तर अपंगत्वाच्या दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला द्यायची. तसा एकही मिळाला नाही, तरच इतर उमेदवाराने भरायची. आणि कोणती पदं कुणाला जमतील याची यादी दर तीन वर्षांनी तपासायची. केंद्राने ४ जानेवारी २०२१ रोजी जी यादी काढली तिच्यात ३,५६६ पदं आहेत. प्रत्येक पदापुढे बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, बोटांनी काम करणं, वाचणं, ऐकणं अशी कामाची फोड केलेली आहे. वाचायला रूक्ष, पण ‘याला काय जमणार’ हे साहेबांच्या अंदाजावर सोडण्यापेक्षा शंभर पटींनी बरं.

नोकरी मिळाली म्हणजे कायद्याचं काम संपलं असं मलाही लागताना वाटलं होतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर आवक-जावक आणि अभ्यागत कक्ष, पहिल्यावर लेखा, दुसऱ्यावर आस्थापना. लिफ्ट नाही. स्त्रियांचं स्वच्छतागृह मागच्या आवारात, दोन पायऱ्या उतरून. सकाळी वर चढले की संध्याकाळी सुटेपर्यंत मी पाणी मोजून प्यायचे. कमरेखाली अधू असलेल्या नोकरदार बायकांना हे वेगळं सांगायला नको. मूतखड्यापर्यंत गेलेल्या दोघी माझ्या ओळखीत आहेत.

तळमजल्यावर टेबल मिळावं म्हणून अर्ज दिला. उत्तर आलं, ‘शाखा विभागता येत नाही.’ पुढे एक नवे साहेब आले आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांनी आख्खी आस्थापना शाखा खाली आणि अभ्यागत कक्ष पहिल्या मजल्यावर हलवला. खर्च झाला तो दोन हमालांच्या मजुरीचा आणि टेलिफोनची तार ओढण्याचा. त्या साहेबांना कायदा माहीत होता असं नाही. त्यांना गुडघेदुखी होती आणि ते दिवसातून चारदा आमच्या शाखेत यायचे. (अभ्यागतांतल्या म्हाताऱ्यांचं काय झालं हे विचारू नका. वर्षभराने त्यांच्यासाठी जिन्याखाली एक खिडकी उघडली गेली.)

माझी सोय साहेबांच्या गुडघ्यावर अवलंबून राहू नये, एवढंच कायद्याचं म्हणणं आहे. २०१६ च्या कायद्यात याला ‘वाजवी सोयीसुविधा’ म्हटलं आहे. एका विशिष्ट माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायचा आवश्यक तो फेरबदल. अट इतकीच की त्याचा भार संस्थेवर अवाजवी पडू नये. आणि अशी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे, असं कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं आहे. सरकारी आस्थापनांवर तर कलम २० ने ती देण्याचं बंधनच आहे. आपल्याकडे अपंगांसाठीचं सगळं सवलतीच्या खात्यावर मांडायची सवय आहे: एसटीच्या तिकिटात सवलत, व्यवसायकरात सवलत. सवलत देणारा देता देता थोडा मोठा होतो आणि घेणारा थोडा वाकतो. टेबल खाली हलवण्यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

बहुतेक सोयी फुकटातल्या असतात. आमच्याकडे शेवटच्या काही वर्षांत एक अंध तरुण लिपिक आला. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर तो वापरायचा. मराठीही वाचतं ते, जरा नाकातून. अडचण दुसरीच निघाली. जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या, त्या हे सॉफ्टवेअर वाचायला गेलं की नुसती बाराखडीची खिचडी ऐकू येई. आणि नवी परिपत्रकं सही-शिक्क्यासह स्कॅन करून आलेली, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने तो फोटो. त्यावर सॉफ्टवेअर मुकं. उपाय असा केला की परिपत्रक पाठवताना स्कॅनबरोबर मूळ टंकलिखित फाइलही जोडायची. एका आदेशाने झालं. त्या मुलाची टिपणी शाखेत सगळ्यांत आधी पूर्ण व्हायला लागली तेव्हा दोन सहकाऱ्यांनी माझ्याकडे येऊन विचारलं, की त्याला काम कमी दिलं जातं का.

कायद्याच्या ज्या कलमाने मी सर्वांत जास्त माणसं वाचलेली पाहिली, ते आरक्षणाचं नव्हेच. ते आहे नोकरीत असताना अपंग झालेल्यांचं. आमच्या खात्यातल्या एका वाहनचालकाचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. वय पंचेचाळीसच्या पुढे, थोरली मुलगी बारावीत. त्याला बोलावून रुग्णता निवृत्तिवेतनाचा अर्ज पुढे ठेवला होता. सगळे मायेनेच बोलत होते: आता आराम करा, पोरं शिकतील, पेन्शन आहेच. तो अर्ज घेऊन तो माझ्या टेबलाशी आला.

“ताई, सही करू का?”

“दादा, पेन्शन किती वर्षांच्या सेवेवर मिळणार ते विचारलंत का?”

विचारलं नव्हतं. मी त्याला सही करू दिली नाही आणि टिपणी तयार केली. १९९५ च्या कायद्याचं कलम ४७ सांगत होतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादाचं, पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. अपंगत्व कामावर असतानाच यायला हवं अशी अटही नाही. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा कुणाल सिंग निकाल जोडला. कुणाल सिंग हा विशेष सेवा ब्यूरोतला शिपाई. जखमेत गँगरीन होऊन पाय कापावा लागला आणि त्याला कायम अक्षम ठरवून घरी पाठवलं होतं. न्यायालयाने सांगितलं की रुग्णता निवृत्तिवेतन मिळतं म्हणून कलम ४७ चं संरक्षण जात नाही. टिपणी वर गेली, दोन वेळा ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली, तिसऱ्या वेळी मंजूर झाली. तो चालक रेकॉर्ड रूममध्ये बसला आणि तिथूनच नियत वयोमानाने निवृत्त झाला. आज हीच तरतूद २०१६ च्या कायद्यात कलम २० मध्ये आहे. अपघात, पक्षाघात, दृष्टी जाणं यांनंतर घाईघाईत राजीनामा किंवा रुग्णता निवृत्ती लिहून देणारे सरकारी कर्मचारी अजूनही आढळतात. घरातलं कुणी अशा प्रसंगातून जात असेल तर सही करण्याआधी हे कलम वाचायला लावा.

टक्केवारीबद्दल थोडं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र टक्क्यांत असतं आणि आरक्षणासाठी किमान चाळीस टक्के लागतात. माझं प्रमाणपत्र पासष्टचं. हे पासष्ट टक्के पायाचे. टिपणी लिहिताना पाय टेबलाखाली असतात. पण प्रमाणपत्रावरचा आकडा पाहून माणसाच्या पात्रतेतून तेवढे टक्के वजा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. विकास कुमार या डॉक्टरची अडचण याच्या उलटी होती. लिहिताना हात आखडण्याचा विकार, प्रमाणपत्र सहा टक्क्यांचं. नागरी सेवा परीक्षेत त्याने लेखनिक मागितला. चाळीस टक्के नाहीत म्हणून लोकसेवा आयोगाने नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टींची फारकत केली: चाळीस टक्के ही आरक्षणाची अट आहे; लेखनिकासारखी सोय ज्याला गरज आहे त्या प्रत्येक अपंग व्यक्तीला मिळाली पाहिजे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या ओंकार गोंड प्रकरणात प्रश्न वैद्यकीय प्रवेशाचा होता. वाचादोष ४४-४५ टक्के, म्हणून अपात्र. न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही; हा विद्यार्थी शिक्षण घेऊ शकेल का, याचं कारणासह मत अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने नोंदवायला हवं.

खोट्या प्रमाणपत्रांचा विषय निघतोच. ती असतात, आणि ती मिळवून देणारी साखळीही असते. माझं वैयक्तिक मत कडक आहे: २०१६ च्या कायद्यात अपंगांच्या सवलती लबाडीने लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती वापरा. पण एका लबाडीनंतर सगळ्या खऱ्यांची पुन्हा पुन्हा तपासणी काढणं, पोलिओच्या पायाला ‘सुधारणा झाली का’ म्हणून दरवेळी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं करणं, ही शिक्षा भलत्यालाच होते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. पूर्ण अंध असूनही त्या आयएएस झाल्या. सत्कारांच्या भाषणांत एक भाग बहुधा गाळला जातो. २०१६ मध्ये लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ आला होता आणि रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली होती. अंधत्वाचं कारण देऊन ती नेमणूक दिली गेली नाही. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या. ही जिद्द म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण दुसऱ्यांदा परीक्षा देणं जिला शक्य झालं नसतं, तिचं काय? कायदा लागतो तो तिच्यासाठी. न्यायाधीशपदाचं दारही असंच उघडावं लागलं. दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी रद्द केला.

कचेरीत पोचायचं तर आधी रस्ता ओलांडावा लागतो, मग दाराच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आमच्या इमारतीला एकदा रॅम्प बांधला गेला. जोतं तीन फुटांचं आणि रॅम्प दहा फुटांचा. नियम सांगतो, एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे छत्तीस फूट हवे होते, मध्ये थांबायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. आमचा रॅम्प म्हणजे बागेतली घसरगुंडी होती. उद्‍घाटनाला फुगे होते. चाकांच्या खुर्चीतून आलेल्या एका शिक्षकांना चौघांनी उचलून वर नेलं आणि त्याचा फोटो निघाला. नंतर त्या रॅम्पचा उपयोग शिपाई मोटारसायकल वर चढवायला करू लागले.

कायदा या बाबतीत कमी नाही. नव्या इमारतीला सुगम्यतेच्या निकषांशिवाय बांधकामाची परवानगी नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. गडबड नियमांतच होती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं की कायद्याने जे सक्तीचं केलं, ते नियम क्रमांक १५ ने नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर सोडलं होतं. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून केंद्राला सक्तीचे निकष तीन महिन्यांत करायला सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन, आणि त्यांची याचिका २००५ ची. मुंबईत तर पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून महापालिकेने जे खांब रोवले ते इतके जवळ जवळ, की चाकांची खुर्ची आत शिरेना. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. म्हणजे अडथळा जुन्या काळाचा वारसाच असतो असं नाही, तो नवा कोराही बांधला जातो.

जीजा घोष यांची गोष्ट मात्र मी प्रत्येक सभेत सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाई १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, अपंगांच्या हक्कांवरच्याच परिषदेला. स्पाइसजेटच्या विमानात जागेवर बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आलं. परिषद हुकली. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यांच्या प्रवासाला वैद्यकीय धोका आहे असं कुणा डॉक्टरने म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे पाहून ठरवलं गेलं होतं.

हल्ली पायऱ्या मोबाइलमध्येही असतात. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. आम्लहल्ल्यात पापण्या जळालेल्या प्रज्ञा प्रसून यांनी ती कशी करायची? त्यांची आणि अंध वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीसाठी वीस निर्देश दिले.

खाजगी क्षेत्राबद्दल लिहिताना माझा सूर उतरतो. तिथे आरक्षण नाही. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं आहे, वीस किंवा अधिक नोकर असतील तर त्यात कोणती पदं योग्य, कोणत्या सोयी, संपर्क अधिकारी कोण हेही लिहायचं आहे. पाच टक्के अपंग कर्मचारी ठेवणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावं असंही कलम ३५ म्हणतं. पण वाजवी सोय देण्याचं थेट बंधन कलम २० ने घातलं ते सरकारी आस्थापनांवर. शिवाय कलम ३ मध्ये एक चोरवाट आहे: ‘वैध उद्दिष्ट साधण्याचा प्रमाणशीर मार्ग’ असेल तर अपंगत्वावरून केलेला फरक भेदभाव ठरत नाही. शहाणा वकील या वाक्यातून बैलगाडी नेऊ शकतो. हे वाक्य कायद्यातून जायला हवं, असं मी उघड म्हणते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर. त्या सगळ्यांना सरकारी कचेऱ्या पुऱ्या पडणार नाहीत.

निवृत्तीनंतर माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोर्टात जावं लागेल का?’ बहुतेकदा नाही. सरकारी कार्यालयात सोय नाकारली किंवा भेदभाव झाला, तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज द्या. असा अधिकारी नेमणं कलम २३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि तक्रारीची चौकशी नोंदीपासून दोन आठवड्यांत व्हायची आहे. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. तिच्याही वर पुण्यात राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांची शिफारस मान्य नसेल तर कार्यालयाला तीन महिन्यांत कारण लेखी कळवावं लागतं, तुम्हालाही. कायदा मोडल्याचा दंड पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि नंतर पन्नास हजार ते पाच लाख. अर्जात ‘कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य लिहू नका. त्याऐवजी कलमाचा क्रमांक लिहा, काय हवं ते नेमकं लिहा: तळमजल्यावर टेबल, स्कॅनऐवजी टंकलिखित फाइल, दुभाषी, लेखनिक. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. आवक लिपिक म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब बघतील.’ ठेवून जाऊ नका.